बायपासनंतर न उचलणारे पाय : यंत्राच्या साहाय्याने चालण्याच्या उपचाराचे एक प्रकरण

बायपास शस्त्रक्रिया झालेले बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डच्या बोळात चार पावले टाकतात आणि सारे सुरळीत असेल तर आठवडाभरात जिन्याच्या काही पायऱ्या चढून दाखवून घरी जातात. अशा रुग्णांना चालायला लावण्यासाठी कोट्यवधी रुपयांच्या यंत्राची काहीही गरज नसते. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की रोबोटच्या साहाय्याने चालण्याचा उपचार म्हटले की तो आधुनिक आणि म्हणून सर्वांसाठी चांगला, असा समज रुग्णांच्या नातेवाइकांत आणि खरे तर आमच्या क्षेत्रातही पसरू लागला आहे. पुढे मांडलेले प्रकरण ज्या थोड्या रुग्णांना त्याचा खरोखर उपयोग होतो त्यांचे आहे. ते फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले असून त्यातील रुग्ण ही एकच व्यक्ती नाही. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ राहिलेल्या हृदयरुग्णांमध्ये जे दिसते ते एकत्र करून हे चित्र उभे केले आहे.

बार्शी तालुक्यातील ६३ वर्षांच्या शेतकरी बाई. मधुमेह पंधरा वर्षांचा, रक्तदाब त्याहून थोडा अलीकडचा. हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे आणि हृदयाची पंपशक्ती, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ४० टक्के. छातीचे मधले हाड उभे कापून तीन ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्यांना वळसा घालून रक्त नेणारे पर्यायी मार्ग, जोडण्यात आले. एक छातीच्या आतील धमनीचा आणि दोन डाव्या पायातून काढलेल्या शिरेचे. दुसऱ्या दिवशी हृदयाची लय बिघडली. एट्रियल फिब्रिलेशनचा हा प्रकार या शस्त्रक्रियेनंतर नवा नाही, आणि तो औषधांनी आटोक्यातही आला. पण त्यामागोमाग न्यूमोनिया झाला, पुन्हा व्हेंटिलेटर लावावा लागला, गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागली आणि अडीच आठवडे त्या यंत्राच्या श्वासावर गेले. एकतिसाव्या दिवशी त्या पुनर्वसन विभागात आल्या तेव्हा हृदयाचे काम स्थिर होते, फुप्फुसे साफ होत आली होती, वजन मात्र ७१ किलोवरून ६२ वर आले होते आणि पाय जागचे हलत नव्हते.

ही अतिदक्षता विभागातील आजारपणाने येणारी स्नायूंची दुर्बलता होय. संसर्ग, शरीरभर उसळलेला दाह, दीर्घ अचलता, वाढलेली रक्तशर्करा यांच्या एकत्रित परिणामाने स्नायू आणि त्यांना पोचणाऱ्या नसा दोन्ही खालावतात. मोजणीची पद्धत साधी आहे. हातापायांतील बारा स्नायूगटांना प्रत्येकी शून्य ते पाच गुण द्यायचे. एकूण ६०पैकी ४८पेक्षा कमी गुण आले तर दुर्बलता मानायची. मावशींचे गुण ३८ होते. त्यातही मांड्या आणि नितंबांचे स्नायू सर्वांत क्षीण होते. पलंगाच्या कडेला आधाराने बसता येत होते. उभे करायला दोन माणसे लागत आणि पाऊल उचलले जात नव्हते.

एरवी अशा रुग्णाला काय करायचे हे कोणत्याही फिजिओथेरपिस्टला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल : पॅरलल बारमध्ये, म्हणजे हातांनी धरायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, उभे करा, पुढे वॉकर द्या आणि पायांची उणीव काही दिवस हातांनी भरून काढू द्या. येथे नेमकी तीच वाट बंद होती. कापलेले छातीचे हाड तारांनी बांधलेले असते आणि ते जुळून यायला साधारण आठ ते बारा आठवडे जातात. तोवर हातांवर शरीराचा भार घेणे, काही जोराने ओढणे किंवा ढकलणे, दोन्ही हात अंगापासून लांब पसरून जोर लावणे टाळावे लागते. हे निर्बंध पूर्वी फारच कडक होते. अलीकडे कोपरे अंगालगत ठेवून, दुखणार नाही इतपत हालचालींना मोकळीक दिली जाते आणि ते योग्यच आहे. पण कोपरे अंगालगत ठेवून ताट उचलणे वेगळे आणि लटपटणारे सबंध शरीर दोन तळहातांवर तोलणे वेगळे. त्यात मधुमेह आणि छातीच्या आतील धमनी ग्राफ्टसाठी वापरलेली, म्हणजे हाडाचा रक्तपुरवठाही आधीच थोडा घटलेला.

तरीही पहिला प्रयत्न बारमध्येच झाला. हात नुसते टेकवा असे सांगूनही गुडघे दुमडू लागताच मावशींनी दोन्ही दांड्या घट्ट धरल्या आणि अंग वर ओढले, जे कुणीही करेल. छातीत कळ आली, काम तेथेच थांबवले. शल्यचिकित्सकांनी तपासून हाड स्थिर असल्याचे सांगितले; दाबल्यावर किंवा खोकताना हाडाच्या कडा एकमेकींवर सरकल्याची जाणीव नव्हती, जखमेतून स्राव नव्हता. पण आणखी तीन आठवडे हातांवर भार नको, अशी स्पष्ट सूचना त्यांनी लेखी दिली. पुढचे काही दिवस दोघा फिजिओथेरपिस्टनी दोन बाजूंनी कमरेच्या पट्ट्याला धरून आणि तिसऱ्याने समोर बसून गुडघे रोखून चालवले. सहा-सात पावले होत. त्यानंतर रुग्ण थकायचा त्याआधी धरणारे थकत, आणि सहा-सात पावलांनी ना स्नायू सुधारतात ना दम वाढतो.

म्हणजे अडचण हृदयाची नव्हती. हृदयाला थोडे अधिक काम देता आले असते, पण ते काम त्याच्यापर्यंत पोचवणारे पाय नव्हते, आणि पायांना मदत करू शकणारे हात छातीच्या हाडाने अडकवून ठेवले होते. यंत्राचा विचार या कोंडीतून पुढे आला.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. खाली ट्रेडमिलचा पट्टा, वरून हार्नेसने, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या संचाने, शरीराचा काही भार उचलणारी यंत्रणा आणि दोन्ही पायांना बाहेरून बांधलेली धातूची चौकट. या चौकटीत नितंब व गुडघ्यापाशी मोटारी असतात. त्या चालण्याच्या ठरावीक आकृतिबंधात पाय हलवतात. घोट्याला मोटार नसते. पाऊल घासू नये म्हणून ते लवचीक पट्ट्याने वर धरलेले असते. या जातीचे सर्वांत परिचित यंत्र म्हणजे लोकोमॅट. ते ज्युरिकच्या बालग्रिस्ट विद्यापीठ रुग्णालयाच्या परिसरात, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी विकसित झाले. पुढे पक्षाघाताच्या रुग्णांत त्याचा वापर वाढला. भारतातही आता केरळच्या जेनरोबोटिक्स या कंपनीने जी-गेटर नावाचे चालण्याचे यंत्र बनवले आहे. मूळ रुग्ण कोण होते हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण छातीचे हाड कापलेल्या माणसाला हार्नेस बांधायचा आहे, हा विचार या यंत्रांच्या रचनेत मुळात नव्हता.

सुरुवात करण्यापूर्वीची तपासणी त्यामुळे नेहमीपेक्षा लांबली. छातीचे हाड स्थिर आहे, हृदयाची लय गेल्या दोन आठवड्यांत बिघडलेली नाही, पायाच्या शिरांत गुठळी नाही, हाडे फार ठिसूळ नाहीत, पाठीवर किंवा माकडहाडाशी पलंगाने झालेले व्रण नाहीत, सांधे आखडलेले नाहीत, हिमोग्लोबिन ९.४ आहे आणि बसल्या जागी रक्तदाब ११२ वर ६८ आहे. या सगळ्यांची नोंद झाली. अडथळा एकच उरला होता. डाव्या पोटरीवर शीर काढलेल्या जखमेचे खालचे टोक पूर्ण भरलेले नव्हते आणि यंत्राचा सर्वांत खालचा पट्टा नेमका तेथेच बसत होता. तो पट्टा दोन बोटे वर सरकवला, जखमेवर पातळ ड्रेसिंग आणि बाजूने फोमची चौकट ठेवली आणि प्रत्येक सत्राआधी व नंतर त्वचा पाहण्याचे ठरले. उघडी, स्रवणारी जखम असती तर थांबणेच योग्य होते.

हार्नेसचे गणित मात्र नीट मांडायला हवे. ६२ किलो वजनाच्या रुग्णाचा निम्मा भार उचलायचा तर ३१ किलो हार्नेसवर येतात. ते शरीरावर कोठे तरी टेकणारच. नेहमीच्या बांधणीत त्यांचा मोठा वाटा छातीभोवतीचा रुंद पट्टा घेतो, आणि तो आवळला नाही तर हार्नेस वर सरकून काखेत रुततो. येथे भार मांड्यांच्या आणि कमरेच्या पट्ट्यांवर घ्यायचा, छातीचा पट्टा खालच्या बरगड्यांवर आणायचा आणि पट्टा व अंग यांच्यामध्ये चार बोटे सहज जातील इतका सैल ठेवायचा, असे ठरले. उचलला जाणारा भारही निम्म्यावर नेला नाही. गुडघ्यांना चौकटीचा आधार असल्याने ३५ टक्क्यांवरच सुरुवात करता आली. स्त्री रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचितच नीट लिहिलेली आढळते : स्तनांचे वजन जखमेच्या दोन्ही कडांना सतत बाहेर ओढत असते आणि चालताना ही ओढ वाढते. समोरून उघडणारी, आधार देणारी अंतर्वस्त्रे हा येथे उपचाराचाच भाग होता. ती आणा म्हणून मुलाला सांगताना सगळेच संकोचले. शेवटी सुनेला फोन करून नीट सांगितले. नऊवारीऐवजी अंगाला बसणारी पँट घालायला मावशी तयार झाल्या त्या मात्र कुणी न समजावता.

पहिल्या दिवशी बांधणीलाच अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. उभे करताच दोन मिनिटांत वरचा रक्तदाब ११२वरून ९४वर आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि एकही पाऊल न टाकता मावशींना खाली घ्यावे लागले. महिनाभर आडव्या राहिलेल्या शरीरात, लघवी वाढवणारी आणि रक्तदाब उतरवणारी औषधे चालू असताना, हे घडणे अपेक्षितच होते. हृदयरोगतज्ज्ञांनी सकाळच्या गोळ्यांच्या वेळा बदलल्या, दोन्ही पायांना लवचीक पट्ट्या बांधल्या, आणि त्यानंतर उभे करून वाट पाहत न बसता पाय लगेच अगदी हळू हलवायला सुरुवात केली, जेणेकरून पोटऱ्यांच्या हालचालीने रक्त वर परतत राहील. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटे चालणे झाले.

त्याच दिवशी ईसीजीच्या पडद्यावर रुंद, एकसारख्या लाटांची माळ उमटली. क्षणभर सगळे थबकले, कारण घातक लयबिघाडही असाच दिसतो. नाडी हाताने पाहिली तर ८६, नियमित. बोटावरच्या ऑक्सिमीटरची लाट शांत. मावशी बोलत होत्या. यंत्र थांबवल्याबरोबर लाटा गेल्या. हार्नेसचा पट्टा प्रत्येक पावलागणिक ईसीजीसाठी अंगाला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर घासत होता, आणि त्या लाटांचा ठेका पावलांचाच होता. इलेक्ट्रोड खांद्यामागे आणि पाठीवर हलवले. ही बाब किरकोळ वाटेल, पण यंत्रावर हृदयरुग्ण चालवायचा असेल तर पडद्याआधी मनगट पाहण्याची सवय तेथील प्रत्येकाला असली पाहिजे. उलट बाजूने, अशा खोट्या लाटांची सवय होऊन खरी लय नजरेआड होण्याचा धोकाही तितकाच असतो.

पहिल्या आठवड्यात आणखी एकदा थांबावे लागले. श्वासाची गती मिनिटाला २८पर्यंत गेली आणि ऑक्सिजन ९५वरून ९१वर उतरला. पाय थकले नव्हते. हार्नेस हळूहळू वर चढून छातीचा पट्टा आवळला गेला होता. पट्टा सैल करताच तीन-चार मिनिटांत आकडे पूर्ववत झाले. त्यानंतर दर पाच मिनिटांनी बोटे घालून पट्टा तपासणे हे एकाच व्यक्तीचे ठरलेले काम झाले.

दुसऱ्या आठवड्याअखेरीस ताशी १.८ किलोमीटर वेगाने तीस मिनिटे चालणे होऊ लागले. पडद्यावर अंतर ९०० मीटर दिसे. मुलगा तो आकडा मोबाइलवर टिपून गावी कळवत असे. पण नोंदवहीत दुसरेच काही दिसत होते. नाडी ८४वरून जेमतेम ८९वर जाई. मावशी बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारे औषध, घेत असल्याने नाडीवर फारसे विसंबता येत नव्हते. म्हणून ६ ते २० या बोर्ग श्रेणीवर किती श्रम वाटतात हे दर पाच मिनिटांनी विचारले जाई, आणि उत्तर आठ किंवा नऊ येई, म्हणजे जवळपास काहीच श्रम नाहीत. हृदयरुग्णाच्या या टप्प्यावर साधारण ११ ते १३ अपेक्षित असतात. मावशींना विचारले तेव्हा त्यांनी नोंदवहीपेक्षा नेमके सांगितले : “ताई, पाय मशिनीचं चालत्यात, माझं न्हाईत.”

हा सगळ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे. चौकटीचे मार्गदर्शन शंभर टक्के ठेवले की यंत्र पाय पूर्णपणे स्वतः हलवते. रुग्णाने स्नायू वापरले किंवा नाही वापरले तरी पाऊल पडतेच. पक्षाघाताच्या रुग्णांवरील अभ्यासांतही हे दिसले आहे, की अशा चालण्यात लागणारा ऑक्सिजन स्वतःच्या बळावर चालताना लागतो त्याहून कमी असतो. पहिल्या काही दिवसांत, जेव्हा नुसते उभे राहणे आणि रक्तदाब टिकवणे हाच व्यायाम असतो, तेव्हा ही सोय उपयोगाची आहे. पण त्यापुढे ती तशीच चालू ठेवली तर ना पायांचा व्यायाम होतो ना हृदयाचा, आणि पडद्यावरचे अंतर मात्र रोज वाढत राहते. माझ्या मते या उपचारातील सर्वांत मोठा धोका पट्ट्यांचा किंवा रक्तदाबाचा नसून या दिलासा देणाऱ्या आकड्याचा आहे, कारण त्या आकड्यावर रुग्ण, नातेवाईक आणि बिल बनवणारे रुग्णालय असे तिघेही खूश असतात.

मार्गदर्शन टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांवर आणि पुढे ४० वर आणले, भार उचलणे ३५वरून २० टक्क्यांवर आले, वेग ताशी १.४ किलोमीटरवर उतरवला. बोर्ग श्रेणीवर उत्तर १२ येऊ लागले, मध्येच १४ आले तर दोन मिनिटे मदत वाढवली जाई. सत्र वीस मिनिटांवर आले आणि अंतर साडेचारशे मीटरच्या आसपास. मुलाला वाटले आईची तब्येत घसरली. त्याला पडद्यासमोर उभे करून प्रत्येक पावलाला पायातून येणाऱ्या जोराची रेषा दाखवावी लागली. आधी ती रेषा यंत्राची होती आणि आता तिच्यात आईचा वाटा आहे, हे त्याने पाहिले तेव्हा तो निर्धास्त झाला. हा संवाद पहिल्याच दिवशी व्हायला हवा, असे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

यंत्राबरोबर बाकीचे उपचार थांबले नव्हते. छातीशी उशी धरून, हात न टेकवता उंच खुर्चीवरून उठणे, पलंगावर नितंब उचलण्याचे व्यायाम, श्वासाचे व्यायाम, आहारतज्ज्ञांनी वाढवलेली प्रथिने, आणि सत्र संपल्यावर पट्टे सुटताच जमिनीवर दोन माणसांच्या आधाराने जमतील तितकी पावले. हे शेवटचे महत्त्वाचे, कारण यंत्रात तोल सांभाळावा लागत नाही, वळावे लागत नाही आणि फरशीवर पाय कोठे टाकायचा हेही ठरवावे लागत नाही. चौथ्या आठवड्यात जमिनीवरचे चालणे एका माणसाच्या आधाराने साठ-सत्तर मीटर होऊ लागले. तोवर शस्त्रक्रियेला आठ आठवडे उलटून गेले होते, शल्यचिकित्सकांनी वॉकरवर हात हलके टेकवायला परवानगी दिली, आणि यंत्र बंद करण्यात आले. त्यावर आणखी दोन आठवडे ठेवावे असे मुलाचे म्हणणे होते. सत्रांचा खर्च तो स्वतःच्या खिशातून करत होता आणि तरीही त्याची तयारी होती. परंतु जो रुग्ण जमिनीवर चालू शकतो त्याला पट्ट्यांत बांधायला वीस मिनिटे घालवण्यात त्याचेच नुकसान असते.

घरी जाण्याच्या सुमारास स्नायूंचे गुण ३८वरून ५०वर आले होते. तीस सेकंदांत हात न वापरता खुर्चीवरून पाच वेळा उठता येत होते. आरंभी हा आकडा शून्य होता. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत वॉकर घेऊन आणि एकदा थांबून १६८ मीटर अंतर झाले. निरोगी समवयस्क स्त्री सहा मिनिटांत याच्या दुपटीहून बरेच अधिक चालते, हेही सोबत नोंदवले पाहिजे.

यातले किती श्रेय यंत्राचे? एका प्रकरणावरून ते काढता येत नाही. अशी दुर्बलता पोषण, संसर्गमुक्ती आणि काळ यांनी स्वतःही काही प्रमाणात सुधारते, आणि नेहमीचा व्यायामही समांतर चालू होता. पक्षाघातानंतरच्या रुग्णांबाबत पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. यंत्राचे चालणे नेहमीच्या फिजिओथेरपीला जोडले तर स्वतंत्रपणे चालू लागणाऱ्यांचे प्रमाण वाढते, आणि हा लाभ मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत व अजिबात चालू न शकणाऱ्यांत दिसतो, असा कॉक्रेन आढाव्याचा, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाचा, निष्कर्ष आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत मात्र हाती आहेत ते छोटे अभ्यास. त्यांवरून निवडक रुग्णांत हा उपचार सुरक्षितपणे करता येतो इतके म्हणता येईल. तो साध्या चालण्याहून सरस आहे असे नाही. या प्रकरणात यंत्राने दिले ते इतकेच, पण नेमके : छातीचे हाड जुळेपर्यंतच्या ज्या आठवड्यांत हातांचा आधार वर्ज्य होता, त्या आठवड्यांत रोज वीस-तीस मिनिटे पायांवर उभे राहण्याचा आणि पुढे पायांनी काम करण्याचा वेळ. मनुष्यबळाने तो देता आला नव्हता.

हृदयाचे खरे पुनर्वसन त्यानंतर सुरू झाले. बाराव्या आठवड्याच्या तपासणीत पंपशक्ती ४५ टक्के आली. गावी जवळ हृदय पुनर्वसन केंद्र नसल्याने कार्यक्रम घरचाच आखला : दिवसातून तीनदा अंगणातल्या सपाट भागात दहा-दहा मिनिटे चालणे, दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटे वाढ, श्रम बोर्ग श्रेणीवर १३च्या आत म्हणजे चालता चालता बोलता येईल इतपत, इन्सुलिन घेतल्यावर रिकाम्या पोटी चालायचे नाही, आणि एका दिवसात एक किलोहून अधिक वजन वाढले किंवा पायांवर सूज दिसली तर त्याच दिवशी फोन करायचा. वजनकाटा मुलाने बार्शीतून आणला. उंबऱ्याची पायरी नऊ इंचांची होती. तिच्याशेजारी अर्ध्या उंचीची आणखी एक पायरी बांधून घ्यायला सांगितले, आणि ती झाल्याचा फोटो पाहूनच घरी सोडण्याच्या कागदांवर सही झाली होती.